दुसरा काटा

मंगळवारी एक खोका आला, गुरुवारी तोच पुन्हा.
तेच नाव, वेल्टा ग्रीनबर्गा, तोच तिसरा मजला,
ऑर्डरचा नंबरही तोच, शेवटी सत्तावीस.
मी चष्मा शोधेपर्यंत
कुरिअरचा पोरगा जिना उतरून गेलासुद्धा.

मागवला होता एक.
स्वयंपाकघरातला वजनकाटा, पाच किलोपर्यंतचा,
क्रॅनबेरीच्या जॅमसाठी.
जुन्याची स्प्रिंग हल्ली मनाला येईल ते सांगते.
पैसे दिले एकाचे. चौदा युरो नव्वद.

आमच्या लिएपायात ट्रामची एकच लाइन.
तिच्यावर मी एकतीस वर्षं तिकिटं तपासली.
लोक म्हणायचे, विसरलो, गर्दी होती,
आत्ताच काढणार होतो बाई,
आणि मी पावतीपुस्तक उघडायची.
चूक कोणाची का असेना, प्रवास तर झाला ना?
आता हा खोका माझ्या टेबलावर बसलाय
बिनतिकिटाचा,
आणि उलट माझ्याकडेच रोखून बघतोय.

खालचा ओयार्स म्हणाला, गप्प बस.
पदरी पडलं, पवित्र झालं.
एवढाली त्यांची गोदामं,
तुझा एक काटा त्यांना रुतणार आहे होय?
रुतणार नाही. माहीत आहे मला.
रुततोय तो मला, इथे, चहा पिताना.

रात्री आग्नेसेचा फोन आला, डब्लिनहून.
ती सांगायची नाही कधी, पण त्या रात्री सांगितलं,
की पहिली दोन वर्षं
ती अशाच एका गोदामात खोके बांधायची,
हातावर बांधलेलं यंत्र मिनिटं मोजायचं.
आई, कळव तू त्यांना, कळवायलाच हवं,
पण आतल्या चिठ्ठीवर कोपऱ्यात एक नंबर असेल, बारीक.
तो देऊ नकोस.
तीन चुका झाल्या की...
पुढचं ती बोलली नाही.
मीही विचारलं नाही तिच्या किती झाल्या होत्या.

शुक्रवारी फोन लावला. बावीस मिनिटं बासरी ऐकली.
मग एक मुलगी आली, आवाजानं विशीतली, दमलेली.
म्हणाली, ठेवा तुमच्याकडेच,
परत आणायचा खर्च त्या काट्याहून जास्त आहे.
म्हणजे वस्तूपेक्षा तिचं परत जाणं महाग.
मी म्हटलं, तसं लेखी द्या.
ती हसली. मग म्हणाली, देते,
फक्त चिठ्ठीवरचा पॅकर नंबर तेवढा वाचून दाखवा.

चिठ्ठी माझ्या हातात होती.
एक्केचाळीस. स्वच्छ छापलेला.
खिडकीला समुद्राकडचा वारा धडका देत होता.
दिसत नाही हो, म्हटलं,
चष्मा सापडत नाहीये.
चष्मा नाकावर होता.
एकतीस वर्षांत हे कारण मला शेकड्यांनी लोकांनी दिलं होतं.
एकालाही मी सोडलं नव्हतं.

लेखी आलं. तेव्हाच खोका उघडला, आधी नाही.
दोन्ही काटे शेजारी मांडले आणि एकच बटाटा
आळीपाळीनं दोघांवर ठेवला.
एक म्हणाला एकशे बासष्ट.
दुसरा, एकशे अठ्ठावन्न.
पुन्हा ठेवला. पुन्हा तेच.
मंगळवारी एकटा होता तोवर तो खरा होता.
काट्यानं काटा काढावा म्हणतात,
इथे काट्यानं काट्याची झोप उडवली,
आणि माझीही.

ओयार्सला एक देऊ केला.
तो म्हणाला, बरोबर असेल तो दे.

जॅमची साखर शेवटी दोघांवर मोजली
आणि मधला आकडा धरला.
यंदा जॅम जरा पातळ झालाय.
बाटल्यांवर तारीख घातली आहे,
आणि एक्केचाळीसची चिठ्ठी
माझ्या जुन्या पावतीपुस्तकात आहे,
त्या शेवटच्या कोऱ्या पावतीखाली,
जी मी कधी कोणावर फाडली नाही.